श्रोत्याच्या पाठीला टेकू

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाबद्दल आजवर जे ढीगभर लिहिलं गेलं, त्यात अध्यक्ष आहेत, स्वागताध्यक्ष आहेत, व्यासपीठावर राजकारणी असावेत की नसावेत हा वाद आहे, अनुदान आहे, ठराव आहेत. त्यात नाही तो एकच माणूस: पहाटेची एसटी पकडून आलेला, पदरचे पैसे भरून बिल्ला लावलेला, मांडवात चाळिसाव्या रांगेत बसलेला आणि दुपारी तीनच्या परिसंवादात ज्याच्या डाव्या पायाला मुंग्या आल्यात, तो. प्रस्तुत लेख त्या पायाच्या बाजूने लिहिला आहे.

हा विषय हाताळायचा माझ्यासारख्या राहुरीकराला अधिकार आहे. आमच्या शेजारच्या तालुक्यात, नेवाशाला, एक खांब आहे. पैसाचा खांब म्हणतात त्याला. ज्ञानेश्वरांनी त्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, अशी श्रद्धा आहे. नऊ हजार ओव्या सांगायच्या तर पाठीला टेकू हवाच, एवढं व्यवहारज्ञान १२९० मध्येही होतं. ऐकणाऱ्यांच्या पाठीचं काय, याबद्दल मात्र परंपरा गप्प आहे. तिथून जे सुरू झालं ते आजतागायत चालू आहे: बोलणाऱ्याला सोफा, ऐकणाऱ्याला प्लॅस्टिकची खुर्ची.

तसं साहित्य आमच्याकडे येऊन गेलेलं आहे. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई राहुरीत राहून गेले. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्याला आमचं गाव नवं नाही. संमेलन मात्र आमच्या जवळ आलं ते नगरपर्यंत, शेवटचं १९९७ मध्ये. सत्तरावं, अध्यक्ष ना. सं. इनामदार. एरवी संमेलन म्हटलं की राहुरीकराला प्रवास आलाच. २०२५ मध्ये दिल्लीला अठ्ठ्याण्णवावं झालं, २०२६ च्या जानेवारीत साताऱ्याला नव्व्याण्णवावं. पुढचा आकडा शंभर. ‘शंभरावं तरी बघायचंच’ म्हणून जे आयुष्यात पहिल्यांदा निघणार आहेत, त्यांनी चार गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

आधी जायचं की नाही, ते पक्कं करा. न जाण्याचं सर्वांत वजनदार कारण महात्मा फुल्यांनी १८८५ मध्येच सांगून ठेवलंय. न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेचं, म्हणजे या संमेलनाच्या आद्य रूपाचं, आमंत्रण धाडलं, तेव्हा जिथे शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार नाही तिथे आम्ही येत नाही, अशा अर्थाचं खरमरीत पत्र त्यांनी पाठवलं. आमच्या कृषी विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. नगरकडे जाणारी गाडी विद्यापीठाच्या कमानीवरूनच जाते, त्यामुळे संमेलनाला निघालेला आमचा माणूस तेवढ्यापुरता खिडकीतून दुसरीकडे बघतो. आमची न जाण्याची कारणं त्या उंचीची नसतात. ‘टोळी आलीय, ऊस तोडून घ्यायचाय’, ‘कांद्याला पाणी द्यायचंय’, ‘मेव्हण्याची वास्तुशांत आहे’. यातलं शेवटचं कारण खरं असेल तर संमेलन रद्द करा. बाकीच्यांवर शेजारी उपाय करू शकतो.

जायचं ठरलं की हवेचा विचार. संमेलनाला ऋतू नाही. ग्रंथकारांची पहिली सभा ११ मे १८७८ रोजी पुण्याच्या हिराबागेत भरली, म्हणजे पायंडाच उन्हाळ्याचा पडला. घुमानचं संमेलन २०१५ च्या एप्रिलात, उदगीरचं २०२२ च्या एप्रिलात. मराठवाड्याच्या एप्रिलात मांडवाचं कापड तापलं की खाली कुठलाही परिसंवाद ज्वलंत होतो. तेवढ्यासाठी हिवाळ्यावर भरवसा ठेवावा म्हटलं, तर २०२१ मध्ये नाशिकला ऐन डिसेंबरात संमेलनाच्या तोंडावर अवकाळी पाऊस कोसळला. तेव्हा टोपी, स्वेटर आणि छत्री तिन्ही न्या. तिन्हींची गरज एकाच दिवशीही लागू शकते: पहाटे ग्रंथदिंडीला स्वेटर, दुपारी जेवणाच्या रांगेत टोपी आणि रात्री मांडव गळायला लागला की छत्री.

पादत्राणाचा प्रश्न याहून गंभीर. आमचं विद्यापीठ ज्वारीचा वाण जमीन बघून सांगतं: हलकी असेल तर फुले अनुराधा, मध्यम असेल तर फुले सुचित्रा, भारी असेल तर फुले वसुधा. चप्पलही तशीच जमीन बघून ठरवावी. स्टेडियमवर संमेलन असेल तर बूट. कॉलेजच्या मैदानावर असेल तर पट्ट्याची सँडल, कारण मैदानाला खडी असते आणि खडीला साहित्याची चाड नसते. काळ्या रानात मांडव घातला असेल आणि पावसाचं चिन्ह असेल, तर जुनी चप्पल घाला आणि तिच्याबद्दलची आशा सोडा. कोल्हापुरी मात्र कुणीच घालू नये. उद्‌घाटनाच्या फोटोत ती शोभते, पण ग्रंथदिंडीत दोन-तीन किलोमीटर चालल्यावर तिचा अंगठा तुटतो आणि माणूस उरलेली दिंडी एक पाय ओढत पुरी करतो. बघणाऱ्याला वाटतं, भावना अनावर झाल्यात.

आता सामान. याबाबतीत साहित्यरसिकांनी दिंडीतल्या बायकांकडे शिकवणी लावावी. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरीला जाताना राहुरीत मुक्काम करते. त्या दिंडीतल्या आजीबाईंची पिशवी कधी उघडताना बघा. एक पातळ, एक टॉवेल, ताट-वाटी, पांघरूण, पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद, कागदात गुंडाळलेली चटणी, आणि दोरा ओवलेली सुई. संपलं. त्यावर तीन आठवड्यांहून अधिक चालायचं. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी तीन दिवसांच्या संमेलनाला चाकांची बॅग घेऊन निघाले. आत तीन झब्बे, दोन जाकिटं, प्रवासात वाचायला कादंबरी, मुक्कामात वाचायला दुसरी, स्वतःच्या कवितासंग्रहाच्या पंचवीस प्रती आणि वाफारा घ्यायचं यंत्र. संमेलनस्थळी ती चाकं मांडवाच्या काथ्यात अडकली. गुरुजी पुढे, काथ्या मागे, आणि काथ्याच्या टोकाला एक फ्लेक्स, अशी ती स्वतंत्र दिंडी स्वागतकक्षापर्यंत गेली. पंचवीस प्रतींपैकी एक त्यांनी काथ्या सोडवणाऱ्या मुलाला दिली. त्याने ती वाचायच्या आधीच परत केली.

सामानात सुई मात्र हवीच. ती न्यायला कुणी सांगत नाही, पण झब्ब्याची बाही उसवते ती अध्यक्षांबरोबर फोटो काढायच्या वेळेलाच. शिवाय मेणबत्ती, काडेपेटी, मोबाइलचा चार्जर आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तीन पिनांचं एक्स्टेन्शन बोर्ड. शाळेच्या वर्गात चाळीस साहित्यरसिक उतरलेत आणि भिंतीत सॉकेट एकच, अशा ठिकाणी ज्याच्याकडे बोर्ड असतो त्याला जो मान मिळतो, तो ज्ञानपीठवाल्यालाही मिळत नाही. लोक त्याला चहा आणून देतात, त्याच्या कविता ऐकून घेतात. त्याचा मोबाइल तेवढा चार्ज व्हायचा राहतो.

परदेशातही चाहत्यांचे असे मेळे भरतात. विज्ञानकथांच्या चाहत्यांचं जागतिक संमेलन १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिल्यांदा भरलं; चित्रकथांच्या चाहत्यांचा सॅन डिएगोचा मेळा १९७० पासून चालू आहे. तिथे माणसं आवडत्या पात्रांचे पोशाख करून येतात. आपल्याकडे ग्रंथदिंडीत शाळकरी पोरं ज्ञानेश्वर आणि सावित्रीबाई होऊन चालतात, पोरी नऊवारी नेसतात, आणि मोठी माणसं झब्बा-जाकीट-झोळी घालून लेखक होतात. तिकडच्या जाणत्या चाहत्यांनी नवख्यांसाठी एक नियम बसवलाय: रोज निदान पाच तास झोप, दोन वेळचं जेवण, एक आंघोळ. नियम वाचून गंमत वाटली. दोन वेळचं जेवण विसरू नका, असं मराठी माणसाला सांगावं लागत नाही. आंघोळीचं म्हणाल, तर इच्छा असते, पाणी नसतं. मुक्कामाच्या जागी गरम पाणी पहाटे साडेचारला येतं आणि पाचला संपतं. त्या अर्ध्या तासात बादली मिळवलेला माणूस दिवसभर वेगळ्याच तेजाने वावरतो; परिसंवादात हात वर करून प्रश्न विचारणारा हाच. राहता राहिली झोप. ती बहुतेक जण अध्यक्षीय भाषणात पुरी करून घेतात.

प्रवासातही आराम शोधू नये. दिल्लीच्या संमेलनाला पुण्याहून खास रेल्वेगाडी सुटली आणि चालत्या गाडीतच साहित्य यात्री संमेलन झालं. कल्पना रम्य आहे. पण मांडवात कविता नकोशी झाली तर माणूस चहाला उठतो. धावत्या रेल्वेच्या डब्यात उठून जाणार कुठे? आणि समोरच्या बाकावरचा कवी भुसावळला उतरेल म्हणावं, तर तोही दिल्लीपर्यंत आलेला. अशा वेळी वरचा बर्थ मागून घ्यावा आणि डोक्यावरून चादर ओढून घ्यावी. आतून अधूनमधून ‘वा’ म्हणत राहिलं की खालच्यांना बरं वाटतं.

पोचल्यावर पहिलं काम नोंदणी. तिथे पैसे भरले की एक कापडी पिशवी मिळते. तिच्यात स्मरणिका, कार्यक्रमपत्रिका, कोरा पॅड, न उठणारं पेन, बिल्ला आणि जेवणाच्या कुपनांची पट्टी. बहुतेक जण आधी स्मरणिका उघडतात. जाणता माणूस आधी कुपनं मोजतो. तीन दिवसांची कुपनं एका पट्टीत असतात आणि छेद देणारी रेघ नीट पडलेली नसते. पहिल्या दिवशी दुपारचं कुपन घाईत फाडलं की त्याच्याबरोबर दुसऱ्या दिवशीचा नाश्ता फाटून येतो. वाढपी म्हणतो, ‘फाटकं चालत नाही.’ म्हणून कुपनं मुक्कामी बसून, पट्टी दुमडून, नखाने रेघ मारून वेगळी करावीत. हे काम बायको बरोबर असेल तर तिच्याकडे द्यावं. ती सगळी कुपनं आपल्या पर्समध्ये ठेवते, त्यामुळे नवराही हरवत नाही.

आता मूळ मुद्दा, खुर्ची. मांडवात पुढे सोफे, त्यामागे पांढऱ्या अभ्र्याच्या, पाठीवर साटिनची गाठ मारलेल्या खुर्च्या आणि त्यामागे आपल्या. या खुर्च्या लग्नसराईतून सरळ साहित्यात आलेल्या असतात. बसण्याआधी बैठकीवरून तळहात फिरवावा. मधोमध केसाएवढी चीर असते. रिकाम्या खुर्चीत ती दिसत नाही. माणूस बसला की वजनाने ती उघडते, बूड हललं की मिटते, आणि मिटताना मांडीचा बारीकसा चिमटा घेते. कवीने टाळीची जागा घेतली की नेमकं माणूस हलतो. त्यामुळे मागच्या रांगांतून जे ‘आह’ ऐकू येतात, त्यातले बरेचसे रसिकतेचे नसतात. उपाय सोपा आहे: स्मरणिका. चांगली जाडजूड, गुळगुळीत कागदाची, जाहिरातींनी भरलेली असते. चार घड्या न करता तशीच खाली घ्यावी. संमेलनाच्या तीन दिवसांत तिचा याहून चांगला उपयोग करणारा माणूस मी पाहिलेला नाही. राहुरीकरांना मात्र याही खुर्चीचं काही वाटत नाही. नगर-मनमाड रस्त्यावर रोज ये-जा करून आमचा मणका केव्हाच तयार झालाय.

खुर्ची धरून ठेवणं हे आणखी एक शास्त्र. रुमाल टाकून जागा धरायची रीत एसटीत चालते, मांडवात नाही; आपण चहा पिऊन येईपर्यंत रुमाल शेजाऱ्याच्या खिशात गेलेला असतो. टोपी ठेवली तर तिच्यावर कुणीतरी बसतं. पुस्तक ठेवलं तर ते मात्र तसंच राहतं. साहित्य संमेलनात पुस्तकाला हात लावायची कुणाची छाती नाही. अपवाद ग्रंथप्रदर्शनाचा. तिथे लोक सगळ्याच पुस्तकांना हात लावतात, मागचं पान उलटून किंमत बघतात आणि ‘छान आहे’ म्हणून ठेवून देतात.

ग्रंथप्रदर्शनाला पहिल्या दिवशी फक्त फिरावं, यादी करावी आणि खरेदी शेवटच्या दिवशी दुपारी करावी. तेव्हा विक्रेत्याला परतीच्या टेम्पोचा विचार पडलेला असतो, आणि सकाळी दहा टक्क्यांवर अडून बसलेला माणूस पंचवीसवर येतो. पण तोवर आपल्याला हवं ते पुस्तक संपलेलं असतं. मग त्या बाकीच्या पंधरा टक्क्यांच्या आनंदात माणूस नको असलेली चार पुस्तकं घेतो. त्यांचं ओझं एसटीत मांडीवर घेऊन आल्यावर घरी विचारणा होते, ‘मागच्या वेळची वाचून झाली का?’ या प्रश्नाचं उत्तर अजून कुठल्याही परिसंवादात मिळालेलं नाही.

लेखकाची सही हवी असेल तर आधी त्याचं पुस्तक विकत घ्या, मग पुढे व्हा. कोऱ्या पॅडवर सही मागितली की लेखकाचा चेहरा पडतो. आणि सही झाल्यावर ‘साहेब, आपण नक्की कोण?’ असं तर मुळीच विचारू नका. विचारायचंच असेल तर सहीच्या आधी.

जेवणाबद्दल काय सांगावं! संमेलन खानदेशात असलं की भरताची आशा, नागपूरकडे असलं की वडाभाताची आशा, असा मराठी रसिक आशेवर निघतो आणि पहिल्या पंगतीला पनीर बघून खचतो. तेव्हा पिशवीत दशम्या असू द्याव्यात. दुधात मळलेल्या असल्याने त्या दोन दिवस मऊ राहतात. जोडीला शेंगदाण्याची चटणी आणि गुळपापडीचे लाडू. रात्री सत्र लांबून जेवण संपल्यावर जो माणूस मांडवाच्या कडेला बसून दशमीची गुंडाळी सोडतो, त्याच्याभोवती बघता बघता सर्व प्रवाहांचे साहित्यिक गोळा होतात. ग्रामीण, दलित, नागर, स्त्रीवादी सगळ्यांचं एकमत झालेलं मी फक्त अशाच ठिकाणी बघितलंय.

सगळ्यात जास्त दम लागतो तो कविकट्ट्यावर. तिथे कवींची संख्या श्रोत्यांहून अधिक असते, किंबहुना श्रोते म्हणजे नंबर न आलेले कवी. ज्याची कविता झाली तो उठून जातो, त्यामुळे रात्र चढते तशी गर्दी ओसरत जाते. यात उत्तम टिकलेला माणूस म्हणजे आमच्याकडचे एक निवृत्त चिटबॉय. साखर कारखान्याच्या नोकरीत त्यांचा जन्म उसाच्या नोंदी करण्यात आणि वजनकाट्यावर नंबर लावलेल्या गाड्या बघण्यात गेला. कविताही ते वजनपावतीच्या पाठीवरच लिहायचे, त्यामुळे त्यांची एकही कविता सोळा ओळींच्या वर गेली नाही. कविकट्ट्याला त्यांचा नंबर रात्री उशिराचा लागला. बाकीचे कवी संयोजकांशी भांडत होते. हे मात्र पायाखाली पिशवी, डोक्याला मफलर, खुर्चीत स्मरणिका, अशी बैठक जमवून शांत बसलेले. म्हणाले, ‘कारखान्याच्या गव्हाणीपाशी रात्र काढलीय आपण. नंबर येतोच. पुढच्याची गाडी उलटली तर लवकरही येतो.’ आणि खरंच, पुढचे तिघे रागावून निघून गेले आणि यांचा नंबर लवकर आला. समोर माइकवाला, सूत्रसंचालक आणि खुर्च्या गोळा करणारी दोन पोरं. यांनी कविता म्हटली. पोरांपैकी एक ऊसतोड मजुराचा होता. तो हातातल्या खुर्च्या खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला. ‘काका, आमच्या बापाची गोष्ट हाय ही,’ म्हणाला. अध्यक्षांनाही अशी दाद क्वचित मिळत असेल. ती चिटबॉयना मिळाली, कारण ते बसून राहू शकले.

सगळ्या तयारीचं सार इथे आहे. मांडीला चिमटा बसत असताना, तळपाय सोललेले असताना, पोटात कावळे ओरडत असताना माणसाला ज्ञानोबाही ऐकू येत नाहीत, मग नवकवी कुठून ऐकू येणार? स्वतःच्या पाठीचा टेकू ज्याने घरून आणला, त्याच्याच कानावर काहीतरी पडतं.

समारोपाच्या दिवशी ठराव होतात. सीमाभागाचा ठराव इतक्या वर्षांचा आहे की नसला तर संमेलन पुरं झाल्यासारखं वाटत नाही. मराठीच्या अभिजात दर्जाचाही एक नेमाचा ठराव असायचा. ३ ऑक्टोबर २०२४ ला तो दर्जा मिळाला आणि ठरावांच्या यादीत एक जागा रिकामी झाली. त्या जागेवर चाळिसाव्या रांगेतल्या खुर्च्यांचा विषय घ्यावा, अशी आमची सूचना आहे. अनुमोदन मागच्या रांगांतून मिळेल. उभं राहूनच मिळेल.

संमेलनाचं सूप वाजलं आणि गाडी परतीला लागली की शेवटचं सामान भरायचं असतं: एक दणदणीत तक्रार. ती वाटेतच नीट घोळवून ठेवावी. राहुरीच्या स्टँडवर उतरताच पानटपरीवाल्यापासून वाचनालयाच्या ग्रंथपालापर्यंत सगळे विचारणार, ‘काय म्हणतं संमेलन?’ तिथे ‘छान झालं, झोप पुरी झाली, पाय दुखले नाहीत’ असं सांगितलंत, तर तुम्ही संमेलनाला गेलाच नव्हता, मेव्हण्याच्या वास्तुशांतीला गेला होता, असा बोभाटा गावभर व्हायला वेळ लागणार नाही. म्हणून चेहरा जरा ओढून सांगावं, ‘काही राम राहिला नाही हो आता त्यात. जेवण थंड, खुर्च्या मोडक्या, कवींचा नुसता बाजार.’ समोरचा मान हलवून म्हणतो, ‘तरी मी म्हणतच होतो.’ आणि मग हळूच विचारतो, ‘पुढच्या वेळी कधी निघायचं?’